तळ्याकाठचा वसंत कसा ओळखायचा?

प्रश्न : आम्ही दोघे मूळचे साताऱ्याचे. गेल्या पावसाळ्यापासून बंगळुरात जक्कूर तळ्याजवळ मुलीकडे राहतो. गच्चीतून सगळं तळं दिसतं. आमच्याकडे माघात झाडं उघडी पडत, मग पळस फुलायचा, आणि वसंत आला हे कुणी सांगावं लागत नसे. इथे डिसेंबरातही झाडं हिरवी, जानेवारीतच गुलाबी फुलं आणि तळं बारा महिने भरलेलं. इथल्या वसंताची पहिली चाहूल कोणती? आम्ही कशाकडे पाहत राहावं?

उत्तर : बंगळूरचा वसंत डोळ्यांआधी कानांना कळतो आणि तुमच्या अंदाजापेक्षा बराच लवकर कळतो. संक्रांत झाली, बाजारातले अवरेकाईचे, म्हणजे वालाच्या शेंगांचे, ढीग ओसरू लागले की सकाळी सातच्या सुमाराला गच्चीत येऊन नुसतं ऐका. थंडीत क्वचितच ऐकू येणारी तांबटाची टुक-टुक आता न थांबता चालू होते. त्याचा मोठा भाऊबंद, पांढऱ्या गालाचा हिरवा तांबट, कुटरू-कुटरू करत एका झाडावरून हाळी देतो आणि दुसऱ्या झाडावरून लगेच प्रत्युत्तर येतं. इथल्या जुन्या, झाडीच्या वस्त्यांमध्ये फेब्रुवारीत हा आवाज वाहनांच्या गोंगाटावरही मात करतो. आणि खंड्या. एरवी तो पाण्याकडेच्या तारेवर किंवा बुटक्या फांदीवर मुकाट बसलेला असतो. या दिवसांत तो झाडाच्या अगदी शेंड्यावर जाऊन बसतो, खिंकाळल्यासारखी लांब तान घेतो आणि पंख झटकन उघडून त्यातले पांढरे पट्टे दाखवतो. मला एकच खूण निवडायला सांगितली तर मी हीच निवडेन. शेंड्यावर बसून ओरडणारा खंड्या दिसला, की थंडी किती आहे याला महत्त्व नाही. पक्ष्यांच्या लेखी वसंत सुरू झालेला असतो.

आवाजांच्या जोडीला घारींकडे लक्ष ठेवा. चोचीत किंवा पंजात काटकी, चिंधी, वायरचा तुकडा घेऊन एकाच दिशेने जाणारी घार म्हणजे जवळपास घरटं आहे. बंगळुरातल्या घारी थंडीच्या शेवटीच घरटी बांधायला घेतात, म्हणजे पावसाच्या आधी पिल्लं उडून जातात. घरटं तुमच्या गच्चीच्या उंचीवरच्या झाडात असेल तर मार्चमध्ये कपडे वाळत घालताना जरा सांभाळा. पिल्लं असताना घार माणसाच्या डोक्यावर झेप घेते. तेवढे आठवडे तो कोपरा तिला सोडून देणं हाच त्यावरचा चांगला उपाय.

आता हे सगळं जानेवारीतच का? साताऱ्याच्या मानाने बंगळूर विषुववृत्ताला जवळ आहे, साधारण 13 अंश उत्तर अक्षांशावर. इथे वर्षातला सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा दिवस यांत जेमतेम दीड तासाचा फरक पडतो. साताऱ्याला तो सुमारे दोन तासांचा आहे, लंडनला जवळजवळ नऊ. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरच्या वर असल्याने जानेवारीतली रात्र इथे पंधरा-सोळा अंशांपर्यंत उतरते खरी, पण पाणी गोठत नाही, झाडं सगळी एकदम निष्पर्ण होत नाहीत. त्यामुळे युरोपात वसंत जसा बंद दार उघडावं तसा येतो, तसा इथे यायचं कारणच नाही. तरी पक्ष्यांना तो कळतो. पनामाच्या जंगलात राहणाऱ्या, मुंग्यांच्या फौजांमागे फिरणाऱ्या एका छोट्या पक्ष्यावर 1998 साली प्रसिद्ध झालेलं संशोधन आहे. दिवस अवघ्या 17 मिनिटांनी वाढवला तरी त्याच्या शरीरात विणीची तयारी सुरू झाली. आपल्याला घड्याळात पाहूनही न जाणवणारा फरक त्यांच्या अंगात उमटतो.

पण तुमच्याकडे तळं आहे, आणि दिवसाच्या लांबीइतकंच, किंबहुना जास्तच, महत्त्व पाण्याच्या पातळीला आहे. बंगळूरजवळून मोठी नदी वाहत नाही. इथली जवळजवळ सगळी तळी माणसांनी बांध घालून केलेली. एका तळ्याचा सांडवा पुढच्या तळ्यात, त्याचा त्याच्या पुढच्यात, अशा साखळ्या आहेत आणि त्या जोडणाऱ्या कालव्यांना इथे राजकालुवे म्हणतात. शहाजीराजांना बंगळूरची जहागीर मिळाली तेव्हा शहर वसवणाऱ्या केंपेगौडांच्या काळातली तळी इथे होतीच. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पावसात तळी भरायची, शेतीला पाणी सुटायचं, जानेवारी-फेब्रुवारी कोरडे जायचे आणि पाणी काठापासून मागे सरत जायचं. मासे, बेडकं, गोगलगायी उरलेल्या पाण्यात दाटीवाटीने गोळा व्हायच्या. बगळे, करकोचे, पेलिकन यांच्यासाठी पिल्लं वाढवायचा हाच काळ, कारण कमी श्रमात भरपूर मासे मिळतात. उघड्या पडलेल्या चिखलात तुताऱ्या आणि शेकाटे चोची खुपसत फिरायचे. म्हणजे तळ्याकाठचा वसंत हा उतरत्या पाण्याचा ऋतू होता.

जक्कूरला हे गणित बदललं आहे. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणारं पाणी पाणवनस्पतींच्या उथळ पट्ट्यातून गाळून तळ्यात येतं, म्हणून दीडशे एकरांहून मोठं असलेलं हे तळं उन्हाळ्यातही भरलेलं राहतं. तुम्हाला ते बारा महिने सारखं वाटतं त्याचं कारण हे. शहरातल्या इतर अनेक तळ्यांतही आता वर्षभर पाणी असतं; ते कुठून येतं आणि किती स्वच्छ असतं, हे मात्र तळ्यागणिक वेगळं. भरलेल्या तळ्यात पाणकावळे, पेलिकन, वारकरी यांची चंगळ होते. चिखलावर जगणाऱ्यांना मात्र जागा उरत नाही. तेव्हा तुताऱ्या पाहायच्या असतील तर जिथे पाणी आत येतं तो उथळ, झुडपी कोपरा शोधा. मुख्य तळ्यापेक्षा वसंत तिथे जास्त दिसेल.

त्यानंतरची चाहूल रंगांची. यासाठी नवा पक्षी शोधायला जायची गरज नाही. तुम्ही पावसाळ्यापासून ज्यांना ओळखता तेच वेश बदलतात. टिबुकली घ्या. थंडीत ती मातकट, लक्ष जाऊ नये अशी असते. मग तिची मान आणि गाल तांबूस-विटकरी होतात, चोचीच्या मुळाशी फिकट पिवळा ठिपका उठून दिसतो आणि पाण्यावरून खिदळल्यासारखा लांब आवाज येऊ लागतो. जांभळा शिंजीर थंडीत मादीसारखा पिवळट होता, फक्त गळ्याखाली एक काळी रेघ होती. आता उन्हात तो निळाजांभळा चमकतो. मार्च-एप्रिल आला की ढोकरीची मातकट पाठ गडद तांबडी होते, गायबगळ्याच्या डोक्यावर-छातीवर केशरी छटा चढते. कमळपक्ष्याला उन्हाळ्याच्या तोंडावर लांब, खाली वळलेली काळी शेपटी फुटते, आणि हा थंडीतल्या तपकिरी पक्ष्याचाच नवा वेश आहे यावर पहिल्यांदा पाहणाऱ्याचा विश्वास बसत नाही. कायम पाणी असलेल्या तळ्यांवर वारकरी आणि जांभळ्या पाणकोंबड्या पावसाळ्याबाहेरही पिल्लं काढतात, म्हणून त्यांच्या पिल्लांवरून ऋतू ठरवू नका. हळदीकुंकू बदकाचंही तेच.

झाडांबाबत एक इशारा. गुलाबी टॅबेबुया फुलला की सगळं शहर फोटो काढायला बाहेर पडतं. झाड सुंदर आहे यात वाद नाही. पण ते मध्य अमेरिकेकडचं, आणि पाऊस संपून कोरडे दिवस लागले की नोव्हेंबरपासूनच थोडंथोडं फुलतं, मग पुन्हा जानेवारीनंतर भरभरून. 1908 साली लालबागेत आलेल्या क्रुम्बिगेल या जर्मन उद्यानतज्ज्ञाने शहरात वर्षभर एकामागून एक झाड फुलत राहावं अशी आखणी केली, पुढे लालबागेच्याच मरीगौडांनी ती वाढवली, त्यामुळे बंगळुरात नुसती फुलं पाहून ऋतू सांगता येत नाही. तुम्ही आपल्या ओळखीच्या देशी झाडांकडे पाहा. काटेसावर जानेवारी-फेब्रुवारीत पानं टाकून लाल फुलांनी भरते, पांगारा आणि पळस तिच्या मागोमाग. मार्चमध्ये करंज, ज्याला इथे होंगे म्हणतात, जुनी पानं झटकून चकचकीत पोपटी होतो आणि थोड्याच दिवसांत त्याच्याखालचे फूटपाथ फिक्या जांभळ्या फुलांनी झाकून जातात. कडुलिंबाचा मोहोर गुढीपाडव्याच्या आगेमागे येतो. तो दिवस इथे उगादीचा, आणि कडुलिंब-गुळाचं बेवु-बेल्ला इथल्या घरातही त्याच सकाळी वाटतात. इतकी सोयीची खूण दुसरी नाही.

फुललेली सावर दिसली तर खाली थांबून अर्धा तास द्या. मैना, बुलबुल, कोतवाल, खारी, मधमाश्या आणि रात्री वटवाघळं, सगळ्यांचं ते अन्नछत्र असतं. त्यात गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या भोरड्या दिसतील. आपल्याकडे त्यांना पळसमैना असंही म्हणतात. या इथल्या नव्हेत, मध्य आशियातल्या आहेत. इथे त्या पोट भरून घेतात, अंगावर चरबी चढवतात, संध्याकाळी तळ्याकाठच्या बोरूत हजारोंनी उतरतात आणि मार्च-एप्रिलमध्ये निघून जातात.

इथून मी माझ्या मुख्य सांगण्याकडे येतो. थंड देशांत वसंत म्हणजे पक्षी परत येणं. पहिली भिंगरी दिसल्याची तारीख लिहून ठेवायची, हा तिथला रिवाज. आपल्या बाजूला वसंताची मोठी खूण नेमकी उलटी आहे. इथे पक्षी जातात. तळ्यावर थंडीत जमलेले थापटे, तलवार बदकं, पांढऱ्या भुवईची भुवई बदकं, पिवळे धोबी, माळभिंगऱ्या, बोरूतले वटवटे हे सगळे उत्तरेला घरी जायच्या तयारीला लागतात आणि ती तयारी तुमच्या गच्चीतून दिसते. नोव्हेंबरात थापट्याचे नर-मादी ओळखणं अवघड होतं. जानेवारी संपताना नराचं डोकं गर्द हिरवं, छाती पांढरी स्वच्छ, कुशी विटकरी. नर मादीसमोर मान खालीवर करतात. जोड्या इथेच जमतात, संसार मात्र हजारो किलोमीटरांवर मांडला जातो. पिवळा धोबी निघण्याआधी पिसं बदलून खरोखरच पिवळाधमक होतो. माळभिंगऱ्या सकाळी तारांवर ओळीने बसतात. एक दिवस तार रिकामी असते.

बदकं बहुधा फेब्रुवारी-मार्चमध्ये जातात, धोबी आणि तुताऱ्या एप्रिलपर्यंत रेंगाळतात. काहीजण फार लांब जात नाहीत. थंडीत तळ्यावर किडे टिपणारे निळ्या शेपटीचे राघू मार्चच्या सुमाराला कमी होतात, कारण श्रीरंगपट्टणजवळ कावेरीकाठच्या मातीच्या कड्यांत त्यांना बिळं खणायची असतात, पाऊस येऊन नदी चढण्याआधी. उलट म्हैसूरकडच्या तळ्यांवर येणारे पट्टकादंब हंस हिमालय ओलांडून जातात. मंगोलियात गळपट्टे घातलेले काही पट्टकादंब कर्नाटकात दिसले आहेत.

तुमच्या तळ्यावर पेलिकन असतील. ते कमी झाले तर घाबरू नका. मंड्या जिल्ह्यात मद्दूरजवळ कोक्करे बेळ्ळूर नावाचं गाव आहे, बंगळूरहून साधारण ऐंशी किलोमीटर. तिथे पेलिकन आणि चित्रबलाक माणसांच्या घरांमधल्या चिंचेच्या आणि उंबर-वडाच्या झाडांवर घरटी करतात. वनाधिकारी एस. जी. नेगिनहाळ यांनी 1976 साली या गावाकडे जगाचं लक्ष वेधलं, पण गावकरी त्याआधी कित्येक पिढ्या या पक्ष्यांना लेकी माहेरी आल्यासारखं सांभाळत होते. झाडाखाली पडणाऱ्या विष्ठेचं खत शेतात जातं, चिंचेचं उत्पन्न मात्र बुडतं, आणि तरी झाडं उभी आहेत. घरट्यातून खाली पडलेल्या पिल्लांना गावातली ‘हेज्जार्ले बळग’ ही मंडळी वाढवतात. हेज्जार्ले म्हणजे पेलिकन. फेब्रुवारीतली एक सकाळ मुलीला सुटी घ्यायला लावा आणि जाऊन या. घराच्या अंगणातून डोक्यावर पेलिकनचं घरटं पाहणं दक्षिण भारतातही फार थोड्या ठिकाणी शक्य आहे.

आणि रोजच्यासाठी एवढंच करा. एक वही, एक जागा, एक वेळ. दुर्बीण घेणार असाल तर 8 बाय 40 किंवा 42 पुरे. त्याहून मोठं दाखवणारी हातात हलते. पहिली नोंद ठेवणं सोपं असतं, कारण दिसल्या दिवशी ती होऊन जाते. शेवटची नोंद अवघड, कारण थापटे शेवटचे दिसले तो दिवस शेवटचा होता हे त्या दिवशी कळत नाही. पुढे दहा-बारा दिवस रिकामं पाणी पाहावं लागतं. घर तळ्यावर असलेल्या माणसालाच ही नोंद जमते. रविवारी गाडी घेऊन येणाऱ्या पक्षीनिरीक्षकाला ती जमत नाही, आणि म्हणून तुमची वही त्याच्या कॅमेऱ्यापेक्षा मोलाची ठरू शकते. दर फेब्रुवारीत चार दिवस जगभर पक्षीगणना होते, भारत 2013 पासून तीत भाग घेतो. ‘बर्ड काउंट इंडिया’च्या मदतीने नोंदी ‘ई-बर्ड’वर घालता येतात. झाडांसाठी ‘सीझनवॉच’ आहे. एक झाड निवडायचं आणि दर आठवड्याला त्याची पानं, कळ्या, फळं पाहून कळवायची. होंगे निवडा.

प्रश्न : बदकांना निघायची वेळ कशी कळते? इथे तर जानेवारी आणि मार्च यांत आम्हाला काहीच फरक वाटत नाही.

उत्तर : प्रश्न रास्त आहे. सैबेरियात बर्फ वितळतंय की नाही हे बंगळुरात बसून कळायची सोय नाही. दिवसाची लांबी थोडी मदत करते, पण सगळं त्यावर नाही. एबरहार्ड ग्विनर या जर्मन शास्त्रज्ञाने वटवट्यांना वर्षभर बारा तास उजेड आणि बारा तास अंधार अशा न बदलणाऱ्या खोल्यांत ठेवलं. ऋतूची कुठलीही खूण नसताना त्यांनी वेळ आली तेव्हा पिसं बदलली, वजन वाढवलं आणि स्थलांतराच्या दिवसांत रात्रभर पिंजऱ्यात तडफड केली. त्यांच्या शरीरातच साधारण वर्षाचं घड्याळ चालतं. बाहेरचा उजेड ते घड्याळ मागेपुढे लावून देतो, एवढंच. मग निघायच्या दिवशी वारा, आभाळ आणि अंगावरची चरबी यांचा हिशेब. म्हणून एकाच तळ्यावरची बदकं एका दिवशी जात नाहीत. तुम्ही मोजत राहिलात तर संख्या घसरत जाताना दिसेल.

प्रश्न : फेब्रुवारीपासून एक काळा-पांढरा धोबी रोज सकाळी आमच्या गच्चीच्या काचेवर चोच मारतो. शेजारी म्हणतात, घरात काही अशुभ आहे. खरं काय?

उत्तर : अशुभ काही नाही. तुमच्या गच्चीला त्याने आपला इलाखा मानलं आहे. पांढऱ्या भुवईचा हा धोबी स्थलांतर करणारा नव्हे, इथला रहिवासी. इमारतींच्या खाचांत, पाण्याजवळच्या भिंतींत घरटं करतो. विणीच्या दिवसांत त्याला काचेत दुसरा नर दिसतो. तो दुसरा नर चोचीला चोच देतो, कधीच मागे हटत नाही, म्हणून भांडण संपत नाही. दयाळ, बुलबुल आणि शिंजीर हेही असंच करतात. पार्किंगमधल्या गाड्यांचे आरसे त्यांच्या तावडीतून सुटत नाहीत. काचेच्या आतून पडदा लावून उपयोग नाही, उलट प्रतिबिंब अधिक ठळक होतं. बाहेरून काचेवर जुनी साडी, वर्तमानपत्र किंवा साबणाचे पट्टे लावा; काही आठवड्यांत त्याचं लक्ष पिल्लांकडे वळतं. आरशांवर रात्री कापडी पिशवी चढवा. खरी काळजी वेगळ्याच काचांची असते, तळ्याचं प्रतिबिंब दाखवणाऱ्या मोठ्या अखंड काचांची. त्यांवर वेगाने आलेला पक्षी आपटून मरतो. अशा काचेवर बाहेरून बोटभर अंतराने ठिपके किंवा दोऱ्या असाव्यात.

प्रश्न : कोकीळ थंडीत कुठे जातो? आणि इथे चातक दिसला म्हणजे पाऊस जवळ आला का?

उत्तर : बंगळूरचा कोकीळ थंडीतही इथेच असतो, फक्त गप्प. उंबराच्या दाट पानांत फळं खात बसलेला काळा नर आणि ठिपक्याठिपक्यांची मादी डिसेंबरातही सापडते. फेब्रुवारीपासून नराचा गळा मोकळा होतो, कारण कावळे घरटी बांधायला घेतात आणि कोकिळेला अंडी घालायला तीच घरटी हवी असतात. वरच्या पट्टीतला कुऊ-कुऊ नराचा; मादी नुसती किक-किक करते. मार्चनंतर पावशाही ऐकू येईल, ‘पेरते व्हा’ म्हणत, पेरणीला बराच अवकाश असताना.

चातकाचं मात्र इथे फसवं आहे. महाराष्ट्रात आणि उत्तरेत तो आफ्रिकेतून पावसाच्या तोंडावर येतो, म्हणून त्याच्यावर आपला भरवसा. दक्षिणेत त्याची एक स्थानिक जात वर्षभर राहते. जानेवारीत तो दिसला म्हणून छत्री काढू नका. इथला पहिला पाऊस एप्रिल-मेमध्ये दुपारच्या गडगडाटी वळवाचा, आणि त्याच रात्री तळ्याकाठचे बेडूक ओरडायला लागतात. त्या आवाजाने तुमच्या वहीतलं वसंताचं पान संपतं.

प्रश्न : आमच्या वसाहतीत फेब्रुवारीत तळ्याकडेचा बोरू आणि गवत साफ करतात, सुकलेल्या फांद्या छाटतात, वरच्या मजल्यावरचं आग्या मोहोळ जाळतात. आम्ही इथे नवे. सांगावं तरी काय?

उत्तर : सांगाच. नवे असलात तरी सांगा, कारण नेमके हेच दिवस नुकसानीचे आहेत. बोरूत इथल्या रहिवासी वटवट्यांची, मुनियांची घरटी असतात, पाणकोंबड्या लपतात आणि भोरड्या रात्री झोपतात. कापणं भागच असेल तर ते पावसाळा संपल्यावर, विणीचे दिवस सरल्यानंतर करा, आणि तेही सगळं एकदम नको. एक तृतीयांश काठ कापा, बाकीचा पुढच्या वर्षांसाठी ठेवा. तळ्याचं काम निघालं तर एका बाजूचा उतार उथळ राहू द्या असा आग्रह धरा. काठ सरळ उभा खणून, दगड बसवून, चालायचा रस्ता पाण्याला टेकवला की तळं खोल आणि नीटस दिसतं, पण पाय बुडतील एवढ्याच पाण्यात चालणाऱ्या पक्ष्यांना तिथे उभं राहायला जागा राहत नाही. बंगळुरातल्या कितीतरी तळ्यांचं सुशोभन याच पद्धतीने झालं. त्याला मी तळ्याचा सुधार मानत नाही.

सुकलेली फांदी रस्त्यावर किंवा मुलांच्या खेळण्याच्या जागेवर नसेल तर राहू द्या. तांबट चोचीने घर कोरतो ते मऊ झालेल्या, मेलेल्या लाकडातच. हिरव्या फांदीचा त्याला उपयोग नाही. त्याने सोडलेली ढोली पुढच्या वर्षी दुसरं कुणीतरी वापरतं.

आग्या मोहोळाची भीती खोटी नाही, त्यांचा हल्ला जीवघेणा ठरू शकतो. पण या माश्या फुलोऱ्यामागे फिरणाऱ्या आहेत. बहर संपला की त्या स्वतः पोळं सोडून जातात आणि पुढच्या वर्षी परत येतात. आसाममधल्या मोहोळांच्या जनुकीय तपासणीत 2000 साली दिसून आलं की तीच राणी आपल्याच जुन्या जागी परतली होती. म्हणजे जाळून टाकलेलं मोहोळ हे पुढच्या कित्येक वर्षांच्या करंज-शेवग्याच्या परागीभवनाचं नुकसान आहे. पोळ्याखालची वाट काही आठवडे बंद ठेवा, त्या बाजूचे प्रखर दिवे रात्री मालवा, धूर आणि फटाके टाळा. अगदीच दाराशी असेल तर मधमाश्या न मारता पोळं हलवणाऱ्या जाणकारांना बोलवा.

आणि वसाहतीच्या बैठकीला जाताना तुमची वही बरोबर न्या. ‘पक्षी वाचवा’ म्हटल्यावर माना डोलतात आणि कापणीची तारीख बदलत नाही. अमुक तारखेला या बोरूत घरटं होतं, अमुक तारखेला पिल्लं बाहेर आली, असं लिहिलेलं दाखवलंत तर समितीला तारीख पुढे ढकलावी लागते. या वर्षीच्या नोंदी मे अखेरपर्यंत आमच्याकडे पाठवा. इतर तळ्यांकाठच्या वाचकांनीही पाठवाव्यात, विशेषतः शेवटच्या दर्शनाच्या.